केसरबाईच्या पोटातली जाळी

मुकुंदवाडीच्या त्या गल्लीत कुणाचं पोट दुखलं की माणूस आधी दवाखान्यात जायचं नाय, केसरबाईच्या दारात यायचं. यायचं ते पहाटंच, आनशा पोटी, तोंडात चहाचा घोट बी न घालता. बेंबी बसवायची तर पोट रिकामं लागतं. एकदा चहा पोटात गेला की मंग उद्यावर गेलं, केसरबाई हात लावायची नाय, मग माणूस कितीबी मोठा असू द्या. एकदा कुण्या पुढाऱ्याचा मेव्हणा चहा पिऊन आला व्हता, त्याला बी तिनं उद्या ये म्हणून वाटंला लावला.

ती शेंद्र्याला एका कंपनीच्या कँटीनला स्वैपाकाला व्हती. सकाळी चौकात बस यायची, त्याच्या आधी दोन तीन पोटं तिच्या हाताखालून जायची. माणसाला चटईवर उताणं निजवायचं, पाय जुळवून अंगठे बघायचे. एक अंगठा पुढं एक मागं दिसला की ती नुसतं हूं करायची. मंग पाची बोटं जुळवून बेंबीवर टेकवायची आन डोळे मिटायची. बोटाखाली ठोका लागतो. ठोका मधी लागला तर बेंबी जाग्यावर, बाजूला लागला तर सरकली. जड उचललं, खड्ड्यात पाय पडला, गाडीवर हिसका बसला की ती सरकती, मंग पोट दुखतं, अन्न नको वाटतं, कुणाला जुलाब लागतात तर कुणाचं साफ कोंडतं. केसरबाई तेलाच्या हातानं पोट कडंकडंनी मधी आणायची, बेंबीवर कणकीचा दिवा ठिवून वात पेटवायची आन वरून तांब्या पालथा घालायची. तांब्या पोटाला असा धरायचा की वढला तरी निघायचा नाय. थोड्या येळानं आपोआप सुटला की बेंबी बसली. मंग गुळाचा खडा खायाला द्यायची, पायाच्या अंगठ्याला काळा दोरा बांधायची आन म्हणायची, ऊठ, आज जड उचलू नको.

हे खरं का खोटं ह्याचा वाद गल्लीत कुणी घातला नाय. माणूस येताना वाकून यायचं आन जाताना ताठ जायचं, बस.

ही विद्या तिला सासूकडून आली, मुक्ताबाईकडून. मुक्ताबाई पैठणकडची, तिच्या हाताला लांबून लोक यायचे. तिनं सुनंला दोन गोष्टी बजावून सांगितल्या व्हत्या. एक म्हणजी ह्याचा पैसा घ्यायचा नाय, घेतला तर हात मरतो. दुसरी म्हणजी जी दुसऱ्याची बसवती तिला सोताची बसवता येत नाय, आपला हात आपल्या पोटाला लागू पडत नाय. म्हून घरात आणखी एक बाई शिकवून ठिवायची. मुक्ताबाई पोट चोळताना कुठल्या कुठल्या देवाचं नाव पुटपुटायची, ते तेवढं केसरबाईनं सोडून दिलं. तरी तिचा पोरगा धम्मपाल चिडायचा. तो वाळूजला फिटर, वाचणारा पोरगा, म्हणायचा आई हे आपल्या बावीस प्रतिज्ञेत बसत नाय.

"मी कुणाला हात जोडते का बाबा? तेल हाय आन हात हाय. तेलाला जात नाय आन हाताला देव नाय."

तिचा नवरा मोतीराम रिक्षा चालवायचा, तो मिशीत हसत म्हणायचा, एवढी हुशार हाय तर माझी कंबर का बसवत नाय. ती म्हणायची कंबरंचं जाऊंद्या, तुमचं बूड बसलंय ते आधी उठवायला पायजे.

धम्मपालचं लग्न झालं आन मेघा घरात आली. सिल्लोडकडची, बारावी झालेली, लाजरी नव्हती. सासू लोकांची पोटं चोळती हे बघून तिला पयल्या पयल्यांदा हसूच यायचं, तोंडाला पदर लावून ती मोरीत जाऊन हसायची. केसरबाईला ते कळायचं. एका पहाटं तिनं मेघाला हाक मारली, सोता चटईवर उताणी निजली आन म्हणाली, ये, ठिव हात. मेघा म्हणाली आत्याबाई मला नाय जमत. केसरबाईनं तिचा हात धरून आपल्या बेंबीवर ठिवला. "गप बस आन बोटाला इचार, मला नको इचारू."

मेघानं डोळे मिटले. आधी काहीच लागलं नाय, सोताच्याच बोटाची धडधड लागायली. मंग खालून, लई खोलातून, एक ठोका वर आला, मंग दुसरा. जसं वाफेवर झाकण हळूहळू उचलतं तसा. मेघाचं हसू त्याच दिवशी गेलं. तिथून पुढं कित्येक पहाटा ती सासूच्या पोटावर शिकली. कुठं मऊ लागतं, कुठं आतडं गुरगुरतं, ठोका कुठून वर येतो, ते सगळं तिच्या बोटाला पाठ झालं. धम्मपाल म्हणायचा शिकलेली सून आणली आन आईनं तिला बी कामाला लावलं. पर मेघाला त्या पहाटा आवडायच्या. दोघी सासवा सुना एकमेकीला दिवसभर टोमणे मारायच्या, त्या येळंला मात्र दोघी गप असायच्या.

केसरबाईच्या पोटावर बेंबीपासून खाली एक उभी रेघ व्हती. पिशवी काढलेल्या ऑपरेशनची. तिशीतच पिशवी काढली तिची, आपल्याकडं बायांच्या पिशव्या लई लवकर काढतात. त्या रेघंच्या बाजूला पुढं पुढं एक गोळा यायला लागला. कँटीनमधी डाळीचं पातेलं उचललं की यायचा, खोकलं की यायचा, निजलं की आत जायचा. केसरबाईनं दोन वर्ष त्याला साडीच्या आत फडकं घट्ट बांधून ठिवला. मंग एक दिवस तो आत जाईना, लिंबाएवढा झाला आन लाल झाला, तव्हा मोतीरामनं रिक्षात घालून तिला जालना रोडच्या एका दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणाला हर्निया हाय. जुन्या टाक्यापाशी पोटाची भिंत फाटलीय, त्यातून आतडं बाहेर डोकावतंय. नुसते टाके घातले तर परत फाटंल, म्हून आतून जाळी लावावी लागंल. त्यानं टेबलाच्या खणातून एक तुकडा काढून तिच्या हातात दिला. पांढरी, हलकी, खिडकीला मच्छराची जाळी असती ना तशी. केसरबाईनं ती बोटात धरून वढून बघितली, नखानं खरवडली, आन इचारलं की ही पोटात राहून सडत नाय का. डॉक्टर हसला, म्हणाला तुम्ही जाल पण ही जाणार नाही. मोतीरामला ते बोलणं आवडलं नाय, पर केसरबाई बी हसली.

ऑपरेशन चांगलं झालं. खोटं काहून बोलावं, लई चांगलं झालं. गोळा गेला, फडकं सुटलं. गल्लीतल्या बाया बघायला आल्या तर ती पोट थोपटून दाखवायची, म्हणायची आता माझी बेंबी सरकायची बातच नाय, तिला डॉक्टरनं जाळीत बांधून ठिवलंय. डॉक्टरनं जड उचलायचं नाय म्हणून सांगितलं व्हतं, तिनं काही दिवस ऐकलं बी. मंग कँटीनला गेली.

मेघाला आधी कळलं. एका पहाटं केसरबाई म्हणाली बघ गं, ठोका बघ. मेघानं बोटं टेकवली आन तिला ते पोट वळखूच येईना. जिथं मऊ लागायचं तिथं कडक लागलं. जणू आत कुणी वाळला पापड अंथरलाय, आन त्याला कडा बी हायेत. ठोका लागला पर मधी नाय, डाव्या अंगाला, आन तो बी भिंतीपल्याडून कुणी ठोठावल्यावानी. तिनं सांगितलं आत्याबाई, बाजूला लागतो. केसरबाई म्हणाली, मला वाटलंच, पातेलं उचललं व्हतं.

तिथंच चूक झाली. पर ती चूक ते घर सोडून दुसऱ्या कोणत्याच घरात झाली नसती. दुसरी बाई असती तर म्हणाली असती माझं ऑपरेशनचं पोट दुखतंय. केसरबाईनं जन्मभर हजार पोटं हातानं वाचली व्हती, आन हे सगळं तिला माहीत व्हतं. ठोका बाजूला, अन्न नको, पोट कोंडलेलं. ह्याचं नाव तिच्या हाताला एकच ठाऊक व्हतं.

पयला झटका जोरात आला तो विहारात जेवणं झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी. पोट फुगलं, आतून पिळवटून वळ यायची, वळ आली की ती भिंतीला डोकं टेकायची. दोन उलट्या झाल्या. वारा सरंना. पहाटं तिनं मेघाला बसवलं आन सोता निजून सांगत गेली, इथून धर, असं आण, दाब, भिऊ नको. दिवा लावला, तांब्या धरला. तांब्या सुटला आन घटकाभरात पोटात गुरगुर झाली आन वारा सुटला, असा सुटला की पल्याडच्या खोलीत मोतीराम म्हणाला, जनशताब्दी गेली का काय. केसरबाई हसून हसून डोळे पुसायली. मेघाच्या डोक्यावर हात ठिवून म्हणाली, मुक्ताबाईचा हात तुझ्यात उतरला गं पोरी. मेघाला एवढं भरून आलं की ती मोरीत गेली, आता हसायला नाय.

मंग असंच व्हायला लागलं. पोट बंद पडायचं, मेघा बसवायची, पोट उघडायचं. आधी दोन दोन महिन्यानं, मंग महिन्याला, मंग आठ पंधरा दिवसाला. प्रत्येक बारीला उघडायचं, म्हून प्रत्येक बारीला इश्वास वाढायचा. केसरबाईचं जेवण मात्र कमी कमी होत गेलं. भाकर बंद झाली, मंग भात, मंग नुसती पेज. आख्ख्या कंपनीला जेवू घालणारी बाई, घरी वाटीभर पेजंकडं बघत बसायची. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायच्या. कँटीन सुटलं. गल्लीतली पोटं पहाटं यायची तर ती दारातूनच मेघाकडं धाडायची.

धम्मपालनं जिद धरून तिला परत जालना रोडला नेलं. सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाला जाळी जाग्यावर हाय, मस्त धरलीय, गॅसेस असतील. गोळ्या दिल्या. केसरबाई दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना म्हणाली, जाळी जाग्यावर हाय, मंग मीच जाग्यावर नसंन.

दुसरीकडं एका बाई डॉक्टरनं मोठ्या मशीनीत फोटो काढायला लावला. ती तरणी व्हती पर तिनं येळ दिला. फोटो उजेडापुढं धरून केसरबाईला, मेघाला आन मोतीरामला समोर बसवून सांगितलं. म्हणाली, शरीराला परकी वस्तू लगेच कळते. काटा मोडला तर शरीर तो पू करून बाहेर ढकलतं. एवढी मोठी जाळी त्याला ढकलता येत नाही, मग ते तिच्याभोवती वण बांधायला लागतं. बाहेर जखम भरताना खपली धरते, मग पांढरी रेघ राहते, तसंच आतही. वणाचे धागे जाळीच्या एकेका भोकातून आरपार जातात आणि तिला पोटाच्या भिंतीत विणून टाकतात. जाळी लावायची ती त्याच्यासाठीच, त्यानंच भिंत मजबूत होते. पण वण जुना झाला की आकसतो, कडक होतो, जाळीलाही आकसवतो, तिच्या कडा दुमडतात. आणि आतडं जर जाळीला घासत राहिलं तर वणाला आतडं कोणतं नि भिंत कोणती हे कळत नाही, तो आतड्यालाही धरतो. ह्यांचं आतडं इथं धरलंय. पाइपाला बाक आल्यासारखं झालंय.

मोतीराम मान खाली घालून ऐकत व्हता. मंग म्हणाला, आमच्या शेंद्र्याच्या घरापुढं लिंब व्हता. बापानं त्याला कपडे वाळायला तार बांधली व्हती. मी मोठा झालो तव्हर तार दिसंना, झाड तिच्यावरून वाढलं. एकदा बैल लावून वढली, तर साल निघाली, तार नाय निघाली.

बाई डॉक्टरनं फोटो खाली ठिवला. म्हणाली, हो काका, तसंच.

केसरबाईनं तिथंच हात जोडले. तिनं देवापुढं कधी जोडले नव्हते ते हात. म्हणाली, "बाई, माझ्या पोटातून ती काढून घ्या. गोळा परत येऊ द्या, मी फडकं बांधीन. मला एक भाकर खाऊ द्या फक्त."

बाई डॉक्टरनं तिचे हात खाली घेतले. सांगितलं की आता जाळी वेगळी राहिलीच नाय, काढायची म्हणजी पोटाची भिंत कापून काढावी लागंल, त्यात आतड्याला भोक पडायची भीती, आन तुमच्या अंगात आता रगत बी नाय. आधी पातळ खाऊन ताकद आणा, मंग बघू. आन एक गोष्ट मेघाला दोनदा सांगितली. पोट फुगलं, उलटी झाली, वारा बंद झाला, तर त्याच घडीला मोठ्या दवाखान्यात आणायचं, वाट बघायची नाही.

मेघानं ते पक्कं धरलं. पर घरी आल्यावर केसरबाईनं वेगळंच धरलं. ती म्हणायली, बघा, डॉक्टरीण बी म्हणाली आतडं वढलं गेलंय, एका बाजूला बाक आलाय. मंग बेंबी सरकली म्हणजी दुसरं काय असतं. ती म्हणती कापून काढावं लागंल, मेघाच्या हातानं तर बिनकापता सुटतंय. मेघा म्हणाली आत्याबाई ते येगळं. केसरबाई म्हणाली तुला तुझ्याच हाताचा भरोसा नाय.

आन खरंच सुटायचं की. मेघा मनातून घाबरायची, दवाखाना म्हणायची, केसरबाई म्हणायची आधी पहाट होऊ दे, आन पहाटं सुटायचं. मंग दवाखान्याचं नाव कोण काढंल.

दसऱ्याला सगळे लेणीवर जातात. इद्यापीठाच्या मागच्या डोंगरात, लाखानं लोक येतात, जय भीमनं डोंगर दणाणतो. केसरबाई दर साली तिथं भोजनदानाला पुऱ्या लाटायची. त्या साली तिला उभं बी राहवत नव्हतं, तरी पांढरी साडी नेसून मोतीरामच्या रिक्षात बसून गेली, सतरंजीवर बसून पुऱ्या लाटणाऱ्या पोरींला शिव्या घालत राहिली, जाड लाटायल्या म्हणून. निघताना एका पोरीनं गरम पुरी तिच्या हातात दिली. तिनं ती खाल्ली. मेघानं बघितलं, पर हातातून काढून घ्यायला जीव झाला नाय. केसरबाई डोळे मिटून, इतकं हळू हळू चावत व्हती.

रातीतून पोट बंद पडलं. सकाळी मेघा उठून बघती तर पोट माठावानी फुगलेलं, कातडी चकाकायली, वळीवर वळ. हिरवी उलटी झाली. मेघा म्हणाली आता दवाखाना. मोतीरामनं रिक्षा काढली. केसरबाईनं दाराची चौकट धरली, सोडंना. म्हणाली एकदा बसव, नाय सुटलं तर न्याल तिथं येते, माझी शपथ. तिचा आवाज असा व्हता की मोतीराम दारात उभा राहिला तो राहिलाच.

मेघानं बसवली. पोट दाबलं की केसरबाई दात खायची पर दाब दाब म्हणायची. दिवा लावला, तांब्या धरला, सुटला. पोट सुटलं नाय. परत लावला. नाय सुटलं. धम्मपाल कामावर फोन करायला बाहेर गेला, मोतीराम म्हणाला बास झालं, उचला तिला. तो आन मेघा तिला उचलायला वाकले आन तव्हाच तिचा चेहरा एकदम बदलला. कपाळावरच्या आठ्या गेल्या. ती दोन चार श्वास नुसती पडून राहिली, जणू कान देऊन काहीतरी ऐकायली. मंग मेघाकडं बघून हसली.

"बसली गं. दुखायचं थांबलं. बसली."

घरातल्या सगळ्यांचं अंग सैल पडलं. मोतीराम खाली बसला आन त्यानं रुमाल तोंडाला लावला. धम्मपाल आत आला, त्यानं आईचे पाय दाबायला घेतले, बावीस प्रतिज्ञा इसरून म्हणाला आई तुझी विद्या खरी. केसरबाईनं चहा मागितला. केस इंचरून घेतले. सुनंला म्हणाली, बघ, तुझ्या हातावर भरोसा ठिवला तर बसली का नाय.

मेघानं चहा ठिवला आन उगीच, सवयीनं, सासूच्या पोटावर हात टेकवला. पोट फळीवानी कडक व्हतं, दाबलं जाईना. तिनं कान लावला. इतक्या पहाटा त्या पोटात कायतरी चालूच असायचं, गुरगुर, पाण्याचा आवाज, काही ना काही. आज आत काहीच नव्हतं. बंद दुकानावानी शांत. वारा सुटला नव्हता, आन दुखायचं थांबलं व्हतं. तिनं चहा तसाच गॅसवर सोडला, मोतीरामला म्हणाली मामा, रिक्षा काढा, आत्ता, बोलू नका. केसरबाई म्हणायली आता काहून, मला तर बरं वाटायलंय. रिक्षात बी ती तेच म्हणत व्हती, बरं वाटायलंय, नाहक घाबरती ही. सिडकोच्या पुलाजवळ तिला गार घाम सुटला, हात बर्फावानी झाले, मंग ती बोलायची थांबली.

मोठ्या दवाखान्यात लगेच आत घेतलं. पोट उघडलं. दिवस मावळताना डॉक्टर बाहेर आला, अंगावरचा हिरवा डगला तसाच. म्हणाला, आतडं जाळीला चिकटलं व्हतं, तिथंच पीळ बसला, रगत बंद होऊन काळं पडलं आन फुटलं. दुखणं कधी थांबलं म्हणून इचारलं. मेघानं सांगितलं सकाळी. तो म्हणाला, "ते बरं होऊन नाही थांबलं, ताई. तेवढं आतडं मेलं म्हणून थांबलं."

मेघा म्हणाली पर आजवर प्रत्येक बारीला सुटत व्हतं, चोळलं की सुटत व्हतं. डॉक्टर थकलेला व्हता, वाईट नव्हता. म्हणाला, असं अर्धं बंद पडणारं आतडं आपोआप सुटतं. चोळलं तरी सुटतं, नाही चोळलं तरी सुटतं. जोपर्यंत सुटतं तोपर्यंत.

ऑपरेशनात काढलेला तुकडा दाखवा म्हणून मोतीरामनं हट्ट धरला. तपासणीला जायाच्या बाटलीत व्हता. जाळी कुठं दिसंचना. पांढरं, जाड, चांभाराकडच्या कातड्यावानी काहीतरी, एका कडंला चार धागे तेवढे निघालेले. मोतीरामनं बाटली उजेडापुढं धरली, लई येळ धरली. म्हणाला, "तार," आन बाटली परत दिली.

केसरबाई दोन दिवस मशीनीवर राहिली. दुसऱ्या दिवशी थोडा येळ तिला शुद्ध आली, तोंडात नळी, बोलता येईना. मेघा एकटी आत व्हती. केसरबाईनं हात उचलला, पाची बोटं जुळवली आन हवेत, आपल्या पोटावर, टेकवल्यावानी केली. मंग मेघाकडं बघितलं. बसली का, म्हणून इचारायली. मेघाच्या कानात डॉक्टरचं बोलणं व्हतं, सुटतं तोपर्यंत सुटतं, म्हणजी तुझ्या हातानं काही झालं नाय आन तुझ्या सासूच्या हातानं बी जन्मभर काही झालं नसंल. ती मान हलवून म्हणाली, बसली आत्याबाई. केसरबाईनं डोळे मिटले. दिवस उजाडायच्या आत ती गेली.

तिच्या पुण्यानुमोदनाला गल्लीत माणूस मावत नव्हतं. ज्यांची ज्यांची पोटं तिच्या हाताखालून गेली ते सगळे आले, फुलं वाहून गेले, आन जाताना मेघाच्या हाताकडं बघून गेले.

मेघानं तांब्या वर माळ्यावर ठिवून दिला. लोक पहाटं यायचे, ती दारातूनच सांगायची, मी सोडलं, दवाखान्यात जा. काही जायचे, काही तोंड वाकडं करायचे. रत्नमाला तिसऱ्या गल्लीतली, एका पहाटं आपल्या सुनंला, रूपालीला, धरून घेऊन आली. पोरगी वाकून चालत व्हती. अन्न नको म्हणती, पोट कोंडलंय, सारखी वळ येती. मेघा नाय म्हणत असतानाच रूपाली चटईवर निजली बी. मेघानं पदर बाजूला केला, बेंबीपाशी टाक्याची रेघ दिसली. इचारलं हे काय. रत्नमाला म्हणाली बाळंतपणानंतर बेंबीचा गोळा येत व्हता, जाळी बसवलीय की, वरीस झालं, त्याचं काय नाय.

मेघाचा हात हवेतच राहिला. तिनं रत्नमालाला सगळं सांगितलं. वण कसा धरतो, आतडं कसं चिकटतं, बरं वाटलं तरी ते खरं नसतं. दोन्ही डॉक्टरांनी सांगितलं व्हतं तसंच, शब्दाला शब्द. म्हणाली मी रिक्षा बोलावते, मी संग येते, आत्ता चला. रत्नमालानं ऐकून घेतलं. मंग सुनंला उठवत म्हणाली, "सासू गेली आन हिला डॉक्टरकी आली. चल गं, आवडाबाई हाय ना स्टेशनपल्याड."

दुपारी मेघा भाकरी थापत व्हती. रत्नमालाकडून एक पोरगी निरोप घेऊन आली, हसत हसत, दारातूनच. आवडाबाईनं बसवली, म्हणली, सकाळीच तांब्या धरला. वयनीला आता एकदम बरं वाटायलंय.

मेघानं इचारलं, वारा सुटला का. पोरगी लाजली, म्हणाली ते मला काय मालूम.

तव्यावरची भाकर तशीच राहिली. पिठाच्या हातानंच मेघानं चपला पायात घातल्या, मोतीरामला हाक मारली, मामा, रिक्षा काढा, आन वाट न बघता तिसऱ्या गल्लीकडं पळत सुटली.